लकव्यानंतरचे सहा महिने : कुठे खर्च करायचा, कुठे हात आखडायचा

दवाखान्याचं बिल कितीही मोठं असलं तरी त्याला शेवट असतो. डिस्चार्जच्या दिवशी विम्याच्या टीपीएची मंजुरी येते, वरचा फरक कुणाच्या तरी कार्डावरून भरला जातो, आणि तो हिशेब मिटतो. लकव्याचा मोठा खर्च त्यानंतर घरी सुरू होतो. तो एकरकमी येत नाही म्हणून कुणी मांडून बघत नाही. फिजिओचे रोजचे पैसे, मावशींचा पगार, हवेची गादी, डायपर, शेजाऱ्यांनी सांगितलेलं तेल, भाच्यानं पाठवलेला स्टेम सेलवाल्या डॉक्टरचा पत्ता. वर्ष उलटल्यावर पासबुक पाहिलं की लक्षात येतं, दवाखान्याइतकेच किंवा त्याहून जास्त पैसे घरी गेलेत.

हा पैसा टाळता येत नाही. पण तो कोणत्या महिन्यात कशावर जातो, त्यानं निकालात फरक पडतो. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. सुरुवातीला 'जरा अशक्तपणा जाऊ दे, मग व्यायाम' म्हणत फिजिओ आठवड्यातून दोनदा येतो. वर्षभरानं, हात तसाच राहिलेला पाहून, घर धास्तावतं आणि लाख-दीड लाखाच्या मशीनकडे वळतं. मेंदूचं संशोधन गेली वीस-पंचवीस वर्षं जे सांगतंय, ते या क्रमाच्या विरुद्ध आहे.

एक खुलासा आधीच करतो. खाली दिलेले दर पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतले, २०२५ च्या सुमाराचे आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी माणसांची फी बरीच कमी पडते, वस्तूंच्या किमतीत मात्र फारसा फरक नसतो.

दुसरा-तिसरा महिना

लकव्यात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. त्या भागातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती आजूबाजूच्या आणि समोरच्या बाजूच्या जाळ्यानं काही कामं उचलल्यामुळे. हे उचलणं सुरुवातीच्या काही महिन्यांत सर्वांत जोरात चालतं आणि नंतर मंदावतं. पूर्ण थांबतं असं नाही, पण तेवढ्याच मेहनतीत मिळणारं फळ कमी होत जातं.

ही वेळ नेमकी कोणती, याचा एक नेटका अभ्यास वॉशिंग्टनमधल्या एका पुनर्वसन रुग्णालयात झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ रुग्ण घेतले. नेहमीच्या उपचारांखेरीज काहींना हाताच्या सरावाचे २० तास जादा दिले. कुणाला पहिल्या ३० दिवसांत, कुणाला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, कुणाला सहा महिन्यांनंतर. वर्षअखेरीस हात तपासले, तेव्हा दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यात जादा सराव मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. पहिल्या महिन्यात सुरू केलेल्यांनाही थोडा झाला. सहा महिन्यांनंतरच्या गटात मात्र जादा तास न मिळालेल्यांपेक्षा ठळक फरक नव्हता. अभ्यास लहान आहे आणि फक्त हातापुरता आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातला २० तासांचा आकडा आपल्या रुपयांत करून बघा. घरी येणाऱ्या चांगल्या थेरपिस्टचा तास ७०० रुपये धरला तर हे झाले १४,०००. एवढी रक्कम आपण नात्यातल्या लग्नाच्या आहेरांत घालवतो.

मग पहिल्याच दिवसापासून जोर लावावा का? तेही नाही. २०१५ मध्ये निकाल जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना २४ तासांच्या आत खाटेवरून उठवून वारंवार उभं-चालतं करण्याचा प्रयत्न केला. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीनं वागवलेल्यांतले ५० टक्के. तेव्हा पहिल्या दिवसांत डॉक्टर 'आज फक्त बसवा' म्हणाले तर तो आळस समजू नका. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र दिवस मोजायला लागा.

फिजिओ, ओटी आणि स्पीच

आपल्याकडे लकवा म्हटलं की फिजिओथेरपिस्ट एवढंच डोळ्यांपुढे येतं. घरी येण्याचे त्यांचे दर एका वेळेला ५०० ते १,००० रुपये. महिन्याचं ठरवलं तर कमी करतात, आणि तसं ठरवावंच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, ६०० ते १,२०० घेतात. त्यांचं काम हाताचं आणि रोजच्या व्यवहारांचं: शर्टाची बटणं, जेवण, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर. वाचा गेली असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर स्पीच थेरपिस्ट, ५०० ते १,००० रुपये. गिळण्याची तपासणी डिस्चार्जच्या आधीच करून घ्या. अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला की पुन्हा आयसीयू आणि पुन्हा लाखाची भाषा.

ओटी हा प्रकार आपल्याला परका वाटतो, पण तो महाराष्ट्रात फार आधी आला. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, ती कमला निंबकरांमुळे. त्या जन्मानं अमेरिकन, सून निंबकरांची. पंचाहत्तर वर्षांनंतरही निम्म्या घरांत ओटीचं नाव डिस्चार्ज कार्डावर नसतं. तुम्हीच विचारा.

फिजिओ आणि ओटी दोघांचीही महाराष्ट्र राज्य परिषदेकडे नोंदणी असावी लागते, स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. पहिल्याच दिवशी नोंदणी क्रमांक मागा आणि पावतीवर तो लिहायला सांगा. विम्याच्या वेळी त्याचा उपयोग होतो. शिवाय मालिशवाला आणि थेरपिस्ट यांतला फरकही तिथेच कळतो.

आता पैसे वसूल होतायत की नाही ते कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत, नेहमीच्या उपचार सत्रांत रुग्ण दुबळ्या हातानं कामाची हालचाल किती वेळा करतो, ते मोजलं. सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू बदलतो हे सिद्ध झालं, त्यांत हा आकडा दिवसाला शेकड्यांत होता. तेव्हा तुम्हीही मोजा. फिजिओ आला, दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट, मग रुग्णाचा हात स्वतःच वर-खाली करून निघाला, तर त्या ६०० रुपयांत रुग्णाच्या मेंदूला काही काम मिळालं नाही. करंटला काही ठिकाणी जागा आहे, पण तो सरावाच्या जोडीनं द्यायचा असतो. सगळं सत्र त्यातच जाऊ नये.

चांगलं सत्र कसं दिसतं, ते कोथरूडमधल्या एका घरी पाहायला मिळालं. जेवणाच्या टेबलावर स्टीलचं रिकामं पातेलं, त्याच्या काठाला कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे लावलेले, शेजारी वाटीत राजमा. काकांनी उजव्या हातानं एकेक चिमटा काढून डबीत टाकायचा. अंगठा आणि तर्जनी चिमट्यापर्यंत पोचत होती, पण दाबताना कोपर वर जाई आणि सगळा खांदा कानाशी येई.

"काका, खांदा खाली. मी हात ठेवलाय बघा, तो उचलायचा नाही."

"नाही जमत गं."

"अकरा झाले. वीस करा, मग चहा."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या, आणि निसटणारा चिमटा धरायला त्यांचा हात गेला. "काकू, तुम्ही नाही हं," ओटी मुलगी म्हणाली. चिमटा फरशीवर पडला आणि तसाच पडू दिला. पाऊण तासात काकांनी चिमटे, राजमा आणि पाण्याचा पेला मिळून दीडशेच्या आसपास हालचाली केल्या. जाताना तिनं कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहिला आणि संध्याकाळसाठी चिमट्यांच्या आणखी दोन फेऱ्या नेमून दिल्या. साहित्याचा खर्च शून्य.

असल्या सरावाचं एक कडक रूप आहे. चांगला हात जाड मोज्यात बंद करायचा आणि जागेपणीचा बहुतेक वेळ दुबळ्या हातालाच कामाला लावायचं. याची अमेरिकेतली मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते, दोन आठवडे हा उपक्रम चालला, आणि फायदा वर्षभर टिकला. पण ज्याचं मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडतात, त्यालाच हे लागू पडतं. पूर्ण लुळ्या हाताला मोजा घालून बसवणं म्हणजे छळ. आधी थेरपिस्टला विचारा.

घरचे करतील की सगळं, मग फिजिओ कशाला, हा विचारही तपासला गेला आहे, आणि तो भारतातच. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम घ्यायला शिकवलं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच. नातेवाइकांच्या मायेला यात कुठे उणेपणा नाही. ते व्यायामाचा नेम पाळायला लावतात, मन राखतात, औषधं वेळेवर देतात. पण थोडंसं शिकवून त्यांना थेरपिस्टच्या जागी बसवता येत नाही, एवढं त्या अभ्यासातून घ्यावं.

माझ्या मते मध्यमवर्गीय घरानं हिशेब साधारण असा मांडावा. पहिल्या महिन्यात फिजिओ रोज, म्हणजे ६०० च्या दरानं महिन्याला पंधरा-सोळा हजार. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फिजिओ आठवड्याला पाच दिवस आणि ओटी तीन दिवस, मिळून २३ ते २५ हजार. वाचेचा त्रास असेल तर त्यात स्पीचचे सहा ते आठ हजार घाला. चौथ्या महिन्यापासून निम्मं करा आणि घरचा सराव वाढवा. ही रक्कम सहा महिन्यांत सव्वा लाखाच्या आत-बाहेर राहते. ओढाताण असेल तर चौथा ते सहावा महिना कमी करा, दुसरा-तिसरा महिना नको.

रुग्णाला भरती करून घेणारी खासगी पुनर्वसन केंद्रं पुण्या-मुंबईत वाढली आहेत. दिवसाला चार ते दहा हजार, म्हणजे महिन्याला सव्वा ते तीन लाख. नळीनं अन्न चालू आहे, तोल अजिबात नाही आणि घरी कुणीच नाही, अशा वेळी महिनाभराचा हा खर्च पटण्यासारखा आहे. मात्र पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: रोज एका रुग्णामागे एक थेरपिस्ट, असे किती तास? उत्तर दीड तासाच्या खाली असेल, तर तुम्ही खाटेचं भाडं देताय.

माणूस ठेवणं

सगळ्यात मोठा आकडा इथे आहे. ब्युरोकडून बारा तासांसाठी मावशी किंवा मामा घेतले तर दिवसाला ७०० ते १,०००, चोवीस तासांसाठी १,००० ते १,५००. महिन्याला २१ ते ४५ हजार रुपये, जेवणखाण वेगळं. ब्युरो नोंदणी फी घेतं आणि पगारातलं कमिशनही. मावशींच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात, ते त्यांनाच विचारावं. फार कमी पडत असतील तर त्या टिकणार नाहीत, आणि दर पंधरा दिवसांनी नवा माणूस शिकवणं रुग्णाला महागात पडतं.

ठरवताना सुट्टीच्या दिवशी बदली कोण, दिवाळी-गणपतीत काय, आगाऊ रक्कम परत मिळते का, हे कागदावर घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी फिजिओ आणि मावशी एकाच वेळी घरात हवेत. लुळ्या हाताच्या काखेत हात घालून ओढून उठवण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. त्यानं सैल पडलेला खांदा खोबणीतून सरकतो, आणि मग खांदेदुखीपायी हाताचे व्यायाम महिनाभर बंद. कमरेला पट्टा बांधून त्याला धरून उठवायचं असतं. हा पट्टा चारपाचशे रुपयांना मिळतो.

दर दोन तासांनी कूस बदलणं हाही मावशींच्या कामाचा भाग म्हणून आधीच बोलून घ्या. पाठीला झालेली जखम भरायला महिने लागतात, आणि तेच महिने व्यायामाचे असतात.

वस्तू

घाईनं काही विकत घेऊ नका. रुग्णाची गरज दर महिन्याला बदलते. दवाखान्यासारखी खाट महिन्याला दोन ते साडेतीन हजार भाड्यानं मिळते, आणि बहुतेकांना ती दोन-तीन महिन्यांपुरतीच लागते. व्हीलचेअरही भाड्यानं घ्या. विकत घेतली तर साधी पाच ते आठ हजारांना मिळते. हवेची गादी दोन ते साडेतीन हजार, ती विकतच घ्यावी. कमोडची खुर्ची दीड ते तीन हजार. चार पायांची काठी सात-आठशेपासून.

पाऊल खाली लोंबत असेल तर पायाचा स्प्लिंट लागतो. तयार दीड-दोन हजारांत मिळतो, मापानं केलेला चार-पाच हजारांपर्यंत जातो. यात काटकसर नको. घोटा वळून पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर सगळा हिशेबच बदलतो. बाथरूममध्ये दोन दांड्या बसवायला मिस्त्रीसकट दोन हजार लागतात, आणि तेही रुग्ण घरी यायच्या आधी.

जिथे हात आखडायचा

रोबोटिक हात, रोबोटिक पाय, व्हर्च्युअल रिॲलिटी यांच्या जाहिराती आता मराठी वर्तमानपत्रांतही येतात. एका सत्राला हजार-दीड हजार ते तीन हजार घेतात. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाताच्या रोबोटनं सराव केलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा कामाला जास्त आला नाही. मशीन वाईट नाही. त्याच्यामुळे सराव जास्त वेळ होत असेल आणि दर साध्या सत्राइतकाच असेल, तर वापरा. तिप्पट दर देऊन नको.

सिटिकोलिनच्या गोळ्या आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतात, आणि महिन्याला दोन ते चार हजार त्यात जातात. युरोपात २,२९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला. गोळी आणि बनावट गोळी यांत फरक दिसला नाही. स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा की ही किती दिवस घ्यायची आणि कशासाठी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र विचारायचा विषयच नाही. त्या चालूच राहतील. जनऔषधी केंद्रात त्या बऱ्याच स्वस्त पडतात. दुसरा झटका टाळण्याचं सगळ्यात स्वस्त साधन तेच.

स्टेम सेलबद्दल स्पष्टच लिहितो, कारण इथे लोक दागिने मोडतात. एका वेळेला लाख-दीड लाख, आणि 'तीन वेळा घ्यावं लागेल' असं सांगितलं जातं. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर संशोधन म्हणूनच करता येतो. लकव्यासाठी भारतातल्याच पाच केंद्रांत १२० रुग्णांवर चाचणी झाली. स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात फायदा दिसला नाही.

संशोधनात भाग घेण्याला माझा विरोध नाही, उलट शक्य असेल तर जरूर घ्या. आज आपल्याला जे ठाऊक आहे, ते तसं कुणीतरी घेतल्यामुळेच. पण खरं संशोधन ओळखण्याची खूण पैशातच आहे. औषधाच्या किंवा पेशींच्या चाचणीत उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. चाचणी आयसीएमआरच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असते आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. मराठीतलं संमतीपत्र मिळतं, नीतिसमितीचा पत्ता त्यावर असतो, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. 'संशोधन चालू आहे, दीड लाख भरा' असं कुणी म्हणालं, तर त्यातलं एक वाक्य खोटं आहे.

राहिलं कबुतराचं रक्त आणि अमक्या गावचं लकव्याचं औषध. त्यात पैसे फार जात नाहीत, वेळ जातो. झटका आल्यावर पहिल्या साडेचार तासांत दवाखाना गाठला, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं. ते तास अशा औषधाच्या रांगेत संपतात.

स्वस्तात आणि फुकटात

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे फिजिओ, ओटी, स्पीच, कृत्रिम अवयव आणि स्प्लिंट हे सगळं एका छताखाली, नाममात्र दरात मिळतं. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, ती वाचेसाठी. केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ओटी-फिजिओचे विभाग आहेत. गर्दी असते, नंबर लावावा लागतो. जिल्ह्याच्या गावी खासगी फिजिओथेरपी कॉलेज असेल तर त्याची ओपीडी पाहा. विद्यार्थी अनुभवी नसतात, पण शिक्षकाच्या देखरेखीखाली मनापासून तासभर काम करतात. घाईतल्या वीस मिनिटांपेक्षा ते बरं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण या दोन्ही योजना भरती असतानाच्या उपचारांसाठी आहेत. घरी येणारा फिजिओ त्यात बसत नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाकडे जा, बिलिंगच्या खिडकीवर नाही. आणि भरती होतानाच जा. बिल झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

कागद

आरोग्य विम्यात डिस्चार्जनंतरचे साधारण ६० दिवस, काही पॉलिसींत त्याहून जास्त, उपचारांचा खर्च मिळतो. त्यात फिजिओथेरपी मिळण्यासाठी ती डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली हवी, आणि पावत्यांवर तारीख, सही, नोंदणी क्रमांक हवा. व्यायामाचे मोलाचे दिवस आणि विम्याचे दिवस बऱ्याच अंशी एकच असल्यानं हा दावा सोडू नका.

गृहकर्जासोबत किंवा आयुर्विम्याला जोडून 'गंभीर आजार' कव्हर घेतलेलं असतं, आणि घरात कुणाला ते आठवत नाही. जुन्या फायली काढा. लकव्याची व्याख्या त्यात अशी असते की मज्जासंस्थेचा दोष किमान तीन महिने टिकलेला असावा आणि स्कॅनमध्ये त्याचा पुरावा असावा. म्हणजे तीन महिने पूर्ण झाल्यावर न्यूरोलॉजिस्टचं प्रमाणपत्र घ्यायचं.

सहा महिन्यांनंतर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर जुन्या करप्रणालीत, अवलंबून असलेल्या रुग्णासाठी ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांच्या पुढे सव्वा लाखाची सरसकट वजावट मिळते. पावत्या लागत नाहीत. एक बारीक तरतूद सीएलाही चटकन आठवत नाही. ठरावीक आजारांवरच्या प्रत्यक्ष खर्चाची वेगळी वजावट असते, साठीच्या आत ४० हजार आणि पुढे एक लाखापर्यंत. त्या यादीत लकव्याचं नाव नाही, पण मेंदूच्या इजेनं वाचा जाणं, म्हणजे अफेझिया, आहे. अपंगत्व ४० टक्क्यांवर असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडून तसं लिहून घ्या. नव्या करप्रणालीत यातलं काही नाही, तेव्हा त्या वर्षी कोणती प्रणाली फायद्याची, ते मांडून पाहा.

सहाव्या महिन्यानंतर

आता रोजचा फिजिओ बंद करायला हरकत नाही. महिन्यातून दोनदा बोलवा, व्यायाम बदलून घ्या, आणि बाकीचा पैसा चालण्यावर आणि बाहेर पडण्यावर खर्च करा. बोटं मुठीत आवळली असतील तर बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं जाईल. एका वेळेला १५ ते ३० हजार, परिणाम साधारण तीन महिने. त्या तीन महिन्यांत स्प्लिंट आणि व्यायाम होणार असेल तरच घ्या. आणि रुग्ण गप्प बसत असेल, व्यायामाला नकार देत असेल, तर तो हट्टीपणा समजू नका. लकव्यानंतर दर तिघांत एकाला नैराश्य येतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या एका भेटीचे आठशे-हजार रुपये इथे बाकीच्या थेरपीच्या खर्चाला उपयोगी पडतात.

कमावता माणूस असेल तर नोकरीचा प्रश्न मात्र सहा महिने थांबत नाही, पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. साहेब भेटायला येतात, चांगल्या मनानं 'व्हीआरएस घेऊन टाका' म्हणतात, आणि घरचे सही करून मोकळे होतात. सही करू नका. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, की पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तसं पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. खासगी कारखान्यात ईएसआयचा सभासद असेल, तर दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायू आहे. नोकरीच्या कालावधीची अट पूर्ण असेल, तर ९१ दिवसांच्या नेहमीच्या आजारपणाच्या लाभानंतर वेतनाच्या ८० टक्के दरानं वाढीव लाभ मिळतो, तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्यासाठी नोकरी चालू असावी लागते, आणि दाखले ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच, पहिल्या दिवसापासून खंड न पडता घ्यावे लागतात.